मिंगा म्हणजे जत्रा नव्हे

ला मोरा,
४ जून २००६

चि. यादिरा हिस झोइला आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हॅम्बुर्गला जूनमध्येही स्वेटर घालून फिरतेस हे वाचून तुझ्या आईने कपाळाला हात लावला आणि मी हसले. दुकानातल्या टेलिफोनवर मात्र मला बोलावू नकोस. तिथे तुझ्याशी बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाशी बोलायचं, आणि उरलेलं अर्धं दाराबाहेर कान लावून उभं असतं. पत्रच बरं.

मोठी बातमी अशी, की तुमच्या कंपनीने पाठवलेला तपासनीस येऊन गेला. राजधानीतला, कीतोचा आहे, पोरगेलासा, पांढरे बूट घालून आमच्या चिखलात आलेला. आम्हा बायकांच्या कॉफी संघाची त्याने बारीक चौकशी केली. फवारणी कुठली, कॉफी वाळवता कुठे, मुलं शाळेत जातात का, सगळं विचारलं. नेमकी त्याच दिवशी मिंगा होती, सगळ्या गावाने मिळून पाण्याचा चर साफ करायची. म्हटलं, ये बाबा, आमचं गाव कामाला कसं उतरतं तेही बघ.

त्याने विचारलं की या दिवसाची मजुरी किती. मी म्हटलं, मजुरी कसली, मिंगा आहे. मग म्हणाला, जो येणार नाही त्याचं काय करता. मला वाटलं, हा आपली शिस्त जोखतोय, तर हातचं राखून कशाला सांगायचं! छाती फुगवून सांगितलं की ला मोरात कुणाचीही सुटका नाही. बाळंतीण आणि अंथरुणाला खिळलेला, एवढेच माफ. बाकी जो येणार नाही, त्याच्या शेताची पाण्याची पाळी गेली. एलिसेओसारखा तालेवार माणूस गेल्या वर्षी दांडी मारून पुतणीच्या साखरपुड्याला गेला, तर त्याचीही पाळी कापली आणि रविवारी चर्चपुढे नाव वाचून दाखवलं. मी बोलत होते आणि बाकीच्या बायका माना डोलावत होत्या. तो भराभर लिहून घेत होता. उकडलेला मका आणि चीज पुढे केलं तर हातसुद्धा लावला नाही, इतका कामात गढलेला. मला तर वाटतं, या वर्षी पहिला नंबर आपलाच.

नंबर यायलाच हवा, बाई. तांब्याच्या खाणीचा माणूस एलिसेओकडे पुन्हा चकरा मारतोय. आपला चर जिथून सुरू होतो ती जमीन एलिसेओची. ती खाणीला गेली की वरचं पाणी गेलं, आणि पाण्यामागोमाग आपण. तुमची कंपनी कॉफीला नीट भाव देते म्हणून तर लोक अजून त्या माणसाला दारातून परत पाठवतात. तेव्हा तुझ्या साहेबाला आमचा नमस्कार सांग.

नीट जेव. त्या देशात बटाट्याचं सूप कसं करतात ते कळव, म्हणजे नावं ठेवता येतील. तुझ्यावरची माया आहे तेवढीच आहे, कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
झोइला आत्या


हॅम्बुर्ग,
२९ जून २००६

ती. झोइला आत्यास,
यादिराचा सा. न. वि. वि.

आत्या, आधी बसून घे आणि मग हे वाच.

तपासनिसाचा अहवाल आला. त्यात लिहिलंय की ला मोरात लोकांकडून विनामोबदला सक्तीने काम करून घेतलं जातं, नकार देणाऱ्याचं पाणी तोडलं जातं आणि चारचौघांत त्याची नाचक्की केली जाते. खाली तुझं नाव आहे. गावच्या प्रमुख बाईने हे सर्व अभिमानाने सांगितलं, असंही लिहिलंय. अगं, कशाला गेलीस फुशारकी मारायला! इथे कॉफीच्या पाकिटावर जो न्याय्य व्यापाराचा शिक्का असतो, तो सक्तीच्या मजुरीवर मिळत नाही. शिक्का नाही तर मोठी दुकानं माल ठेवत नाहीत, आणि दुकानं नाहीत तर आमची कंपनी आपली कॉफी घेणार नाही. ब्रांडेस साहेब माणूस वाईट नाही. मला बोलावून त्यांनी शांतपणे विचारलं की तुमच्या गावात वेठबिगार चालते का.

मी काय केलं ते सांगते, रागावू नकोस. त्यांनी विचारलं, मिंगा या शब्दाचा अर्थ काय. माझ्या तोंडून निघून गेलं की ती एक जत्रा असते. लोक हौसेने जमतात, मक्याची चिचा पितात, गाणी म्हणतात, जाता जाता चारदोन दगड बाजूला करतात. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नाही. चिचा असतेच, आणि सेगुंदो काका गातात, त्याला गाणं म्हणायचं असेल तर. साहेबांचा चेहरा उजळला. म्हणाले, किती सुंदर, पुढच्या वर्षी छायाचित्रकार पाठवू, पाकिटावर छापू.

तेव्हा आता सगळं मार्गी लागेल. सोबत एक कागद पाठवते आहे. मिंगा हा ऐच्छिक लोकोत्सव आहे, त्यात कुणावर काम वा दंड लादला जात नाही, असं त्यात लिहिलंय. संघाच्या वतीने तू सही कर, शिक्का मार आणि लगेच पाठव. गावात जे चालतं ते चालू दे, कोण बघायला येतंय! खाणीचा माणूस दारात उभा असताना आपण एका शब्दासाठी अडून बसायचं का?

आईला सांग की सूप पुष्कळ असतं, चव नसते. उत्तराची वाट बघते आहे. माझ्यावरचा विश्वास असू द्यावा.

तुझी लाडकी,
यादिरा


ला मोरा,
१९ जुलै २००६

चि. यादिरा हिस,
आशीर्वाद आहेत. या खेपेला अनेक नाहीत, मोजकेच समज.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. त्यातल्या जत्रा या शब्दावर मी काट मारली आहे. इतक्या जोराने मारली की कागद फाटला, तेवढं चालवून घे.

जत्रा! आपल्या संघातल्या रफायेलाच्या पाठीवर वाळूची पोती वाहून वळ उठलेत, तिला जाऊन सांग की बाई, तू जत्रेत होतीस. तुझा बाप त्या चरावर कड्याला दोर बांधून लोंबकळत कुदळ मारायचा, आणि खाली तुझी आई तुला पोटात घेऊन माती उपसायची. तुला जत्रेला जायची इतकी हौस आली होती का गं? ते काम होतं. फुकटचं होतं आणि सक्तीचंही होतं. मी तपासनिसाला एक अक्षर खोटं सांगितलेलं नाही. सक्ती कुणाची, हे त्या शहाण्याने विचारलं नाही, एवढंच. ना जमीनदाराची, ना सरकारची. माझी एलिसेओवर, एलिसेओची माझ्यावर. गेल्या उन्हाळ्यात मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं, तर माझीही पाळी कापली या लोकांनी. माझे बटाटे सुकले. मी महिनाभर कुणाशी बोलले नाही, आणि पुढच्या मिंगेला सगळ्यांच्या आधी हजर होते.

बरं, माझा राग सोड. कागद मी सभेत वाचून दाखवला. काही जणी म्हणाल्या, कर सही, शब्दाने काय अंगाला भोकं पडतात. तेव्हा एलिसेओ उठला. मला वाटलं, हा आता म्हणेल की कॉफी गेली खड्ड्यात, मी जमीन विकतो. तसं नाही बोलला. म्हणाला, खाणीने आपल्या पाण्यावर दावा लावलाय, आणि तिचे वकील कोर्टात एकच गोष्ट शोधताहेत, की हे पाणी गावाच्या मालकीचं कशावरून. आपल्याकडे उत्तर एकच आहे, आम्ही सगळ्यांनी मिळून खणलं, राखलं, आणि जो आला नाही त्याला दंड केला. आता आपणच लिहून दिलं की इथे काम नसतं, दंड नसतो, नुसतं नाचगाणं असतं, तर तो कागद त्यांच्या हातात पडायला कितीसा वेळ लागेल? यानंतर कुणी सही कर म्हणालं नाही.

तेव्हा ऐक. तुझी कंपनी आम्हाला चांगलं वागा असं शिकवते, त्याचं वाईट वाटत नाही. फवारणी बंद करा म्हणाली, केली. मुलींना शाळेत धाडा म्हणाली, आम्ही आधीच धाडत होतो, म्हणून तर तू तिथे बसून मला कागद पाठवतेस. पण आम्ही उभे आहोत ते ज्याच्या जोरावर, तेच सोडा म्हणाली तर नाही सोडणार. कॉफी घेतली नाहीत तरी नाही सोडणार. तू जा आणि तुझ्या साहेबाला खरं सांग. शब्द तू फिरवलास, सरळही तूच करायचा.

भीती मलाही वाटते. पण लिहून द्यायचं तर खरंच लिहून द्यायचं. रागावले आहे, तरी तुझीच आहे.

झोइला आत्या


हॅम्बुर्ग,
१५ ऑगस्ट २००६

ती. झोइला आत्यास,
यादिराचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस फिरले आणि मग साहेबांच्या खोलीत गेले. सांगून टाकलं की मी खोटं बोलले, मिंगा जत्रा नाही, काम आहे, बिनपगारी आहे आणि टाळता येत नाही. त्यांनी तपासनिसाचा अहवाल पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, याला सक्ती नाही तर काय म्हणायचं.

आत्या, तेव्हा माझ्या अंगात तूच संचारली असणार. इथे असा नियम आहे की हिवाळ्यात आपल्या घरापुढच्या पदपथावरचं बर्फ ज्याने त्याने उपसायचं, नाहीतर दंड. ब्रांडेस साहेब स्वतः उपसतात आणि ऑफिसात येऊन कंबर धरून बसतात. मी विचारलं, तुम्हाला त्याची मजुरी कोण देतं. आणि शेजाऱ्याने उपसलं नाही तर तुम्ही काय म्हणता. ते हसले, अगदी मनापासून. म्हणाले की शेजाऱ्याबद्दल काय म्हणतो ते सांगण्यासारखं नाही.

पण हसण्याने शिक्का मिळत नाही. शिक्का देणारी मंडळी वेगळी, त्यांच्या नियमात मिंगेला जागा नाही. साहेबांनी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं, माझ्यासमोर लिहिलं. उत्तर आलं की नियम सगळ्या जगाला सारखे. या हंगामाची कॉफी कंपनी घेईल, शिक्क्याशिवाय, लहान दुकानांतून विकेल. पुढच्या वर्षीचा करार नाही. माझ्याकडून ला मोराचं काम काढून घेतलं आहे. आता मी व्हिएतनामच्या मिऱ्यांचे कागद बघते.

मला वाईट वाटतंय ते गावासाठी. खरं बोलले याचं जराही नाही. नंतर ऑफिसच्या बैठकीत सगळ्यांसमोर मिंगा हा शब्द मी जसाच्या तसा उच्चारला आणि त्याला जर्मन प्रतिशब्द द्यायला नकार दिला. म्हटलं, अर्थ हवा असेल तर कुदळ घेऊन या. एलिसेओ आता काय करेल, याची काळजी लागली आहे. लवकर कळव. आता तरी आशीर्वाद मोजून देऊ नकोस.

तुझी,
यादिरा


ला मोरा,
१० सप्टेंबर २००६

चि. यादिरा हिस झोइला आत्याचे अ. उ. आ., आणि वर आणखी एक मूठभर.

तुझं पत्र मी सभेत वाचलं. बर्फाच्या जागी लोक इतके हसले की पुन्हा वाचावं लागलं. पुढच्या ओळींना कुणी हसलं नाही. तुझी आई मात्र ताठ बसली होती. ती म्हणाली, मिऱ्यांचे कागद तर कागद, मान खाली घालून तर बसलेली नाही.

करार गेल्याचा वास खाणीच्या माणसाला आमच्याआधी लागला होता. तो भेटींच्या टोपल्या घेऊन आला. म्हणाला, तुमची सगळी कॉफी आम्हीच घेऊ, आमच्या खाणावळीत लागते. रस्ता करून देऊ, दवाखाना देऊ. आणि चर साफ करायला यंत्र देऊ, म्हणजे तुम्हाला पुन्हा कधी मिंगेला राबायला नको. हे तो एलिसेओच्या अंगणात बोलत होता, आणि आम्ही सगळे कुंपणाला टेकून ऐकत होतो, कारण त्या जमिनीवरच सगळं अडलं होतं. एलिसेओ कितीतरी वेळ टोपीची कड फिरवत राहिला.  मग त्याने विचारलं, यंत्र बिघडलं तर कुणाला बोलवायचं. तो म्हणाला, आम्हाला. एलिसेओने विचारलं, आणि तुम्ही आला नाहीत तर तुमचं पाणी कोण तोडणार. तो माणूस पुन्हा दवाखान्याचं सांगू लागला. टोपल्या त्याच्या गाडीत एलिसेओनेच नेऊन ठेवल्या.

आता पुढच्या वर्षी कॉफी कुणाला विकायची, ते ठाऊक नाही. काही जणींची पोरं कामाला किनाऱ्याकडे जातील असं दिसतंय, मी ते लपवत नाही. जमीन मात्र विकायची नाही, हे सभेत हात वर करून ठरलं, आणि एलिसेओचा हात सगळ्यांत वर होता.

ब्रांडेस साहेबांना एवढं कळव. या वर्षी झाडं लगडलीत, दाणा टपोरा धरलाय. शिक्क्यावाल्यांना विचारून आम्ही आमच्या कॉफीची किंमत ठरवणार नाही. पुढच्या वर्षीची हवी असेल तर त्यांनी स्वतः यावं, लेकीला मागणी घालायला येतात तसं, आमच्या दारात येऊन मागावी. मग देऊ की नाही, ते आम्ही ठरवू.

काळजी घे. इथल्या सगळ्यांचा तुझ्यावर लोभ आहे, तो तू कमावलेला आहेस.

तुझी,
झोइला आत्या