प्लास्टरचा चुरा

बाळा, आशीर्वाद.

काल फोनवर सूनबाईला फार बोललास, पण चूक माझी आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, पावलाची हाडं आतून झिजून ढासळताहेत, प्लास्टर आहे तोवर पाय टेकवायचा नाही. तरी ती कामाला गेली की मी चालत संडासला जायचो. सुनेने माझं भांडं उचलायचं, याची लाज वाटते रे. पाय बधिर, त्यामुळे दुखलंही नाही. शेवटी प्लास्टर टाचेशी फुटलं.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" डॉक्टर तिच्यावर खेकसले. मी गप्प बसलो.

घरी येताना म्हणाली, "बाबा, संडासात चुरा दिसला होता मला. पण दवाखान्यात चारचौघांत तुम्हाला कसं बोलू?"

हे पत्र पेटीत टाकायला तिलाच द्यावं लागेल, आणि माझी लाज झाकायला ती काही टाकायची नाही. म्हणून आज तुझा फोन मीच घेणार आहे.

तुझा भित्रा बाप