कडेला चिकटलेलं चुंबक

अप्पा, काल कारखान्यात टाकीच्या वाकवलेल्या कडेला तुम्ही गेल्यापासून माझ्याजवळ असलेलं तुमचं चुंबक चिकटलं. तीनशे चार नंबरच्या, म्हणजे निकेलवाल्या स्टीलची टाकी, तिच्यात औषध उकळणार. ती पास करायची की परत पाठवायची, हे मी ठरवायचं. सरकारनं बाजाराची दारं उघडल्यापासून शहराबाहेर औषधांचे कारखाने वाढलेत, आणि टाकी बनवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींची ही पहिलीच मोठी ऑर्डर. ते टोपी चुरगाळत, त्या वाकवलेल्या कडेकडे बोट दाखवत उभे. "बेटी, मोडे तो पकडताच है. माल अच्छा है."

हे मी आधी ऐकलंय, लहानपणी. चिक्कडपल्लीच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात मी स्टुलावर बसलेय, नव्या पातेल्यांवरून चुंबक फिरवतेय. चिकटलं तर निकेल नाही, माल हलका. नाही चिकटलं तर चोख. बाराखडीच्या आधी तुम्ही मला हे शिकवलंत. एका पातेल्याच्या बुडाशी, गोलाईवर, चुंबक हलकंसं ओढलं जातं. "अप्पा, चिकटतंय." माल आणणारे चाचा, ज्यांच्या घरी आपण दर ईदला शीरखुर्मा खायचो, हसतात. "भाईसाब, दाब के गोल किया ना, वहाँ पकडेगाच. दिल पे नक्को लेव." तुम्ही हसत नाही. "माझी पोर खोटं बोलते का?" सगळी पातेली तुम्ही फुटपाथवर नेऊन ठेवलीत. चाचा एकेक उचलून रिक्षात भरत होते. पुढच्या ईदला आपण गेलो नाही, नंतरही कधी नाही.

मी टाकी अडवली, तिच्याच पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. मिस्त्री जेवले नाहीत. माझाही डबा तसाच परत आला. आज दुपारी निकाल आला. निकेल पुरेपूर. तिथल्या बाई म्हणाल्या, "थंड पत्रा वाकवला की तीनशे चारही थोडं चुंबक धरतं. उलट दोनशे दोन नंबरचं स्टील बघा, निकेल वाचवायला त्यात मँगनीज घालतात. हलकंच ते, पण सपाट पत्र्याला चुंबक चिकटतच नाही."

"आणि पातेली?"

"ती तर दाबूनच बनवतात की!"

मी सही केली. मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला चाचांचा हात आठवला, रिक्षात पातेली रचणारा. रविवारी सिकंदराबादला चाचांकडे जाईन. तुमच्या वतीनं काय बोलायचं, ते अजून सुचत नाही. हा कागद चुंबकाभोवती गुंडाळून कपाटात ठेवतेय. अप्पा, हे तुमच्या तोंडावर सांगावं लागलं नाही, याचं मला आज बरं वाटलं.