टाकीपासून मोजायची जमीन

मी, एदुविना यान्येस, विधवा, धंदा शेळ्यांचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. माझ्या डोक्याबद्दल शंका असेल त्याने कळपातल्या कोणत्याही शेळीच्या कानावरची खूण मला विचारून बघावी. मुलगा नासारियो चहापाणी घेऊन दाराबाहेर घुटमळतो आहे. त्याला मुद्दाम आत घेतलेलं नाही.

कलम एक. कळप, घर आणि खोगीर मुलगी सुलेमा हिला. खोगिरावर जाऊबाईंचा डोळा आहे, म्हणून ते आजच सुलेमाकडे पोचवलं आहे.

कलम दोन. जमीनही सुलेमाला, कलम तीनमधला तुकडा सोडून. हद्द तारेवरून धरू नये, वेधशाळेच्या टाकीपासून मोजावी: टाकीच्या पूर्वेला शंभर पावलं, माझ्या पावलांनी. कारण लिहिते.

दर उन्हाळ्यात, डिसेंबर ते मार्च, मी शेळ्या घेऊन डोंगरातल्या कुरणावर जाते. परतल्यावर कुंपण मला आत आल्यासारखं वाटायचं. शेजारी बारोसोवर माझा संशय होताच. आकाशातून येणारे जोरदार कण पकडायला माझ्या जमिनीत पाण्याची टाकी बसवणाऱ्या वेधशाळावाल्यांवरही होता. यंदा उतरले तर टाकीच तारेपलीकडे!

मी तिथल्या लेआंद्रोची गचांडी धरली. "टाकी सरकवलीत? बारोसोनं काय चारलं तुम्हाला?"

"आजी, आत बारा टन पाणी आहे, सरकेल कशी? आणि तिची जागा आम्ही वीतभरसुद्धा चुकवत नाही. चुकली तर कण कुठून आला ते कळणार कसं? टाकी तिथंच आहे. तार चालत आलीय."

मग मी तार नीट पाहिली. पीळ उलटे होते, डावखुऱ्या माणसाचे. बारोसो उजवा आहे. डावखुरा आमच्या घरात आहे, पाठ दुखते म्हणून दर उन्हाळ्यात खाली राहणारा.

जाब विचारला तर नासारियो म्हणाला, "आई, बारोसोच्या एल्साशी माझं जमलंय. जमीन शेवटी घरातच राहणार ना?"

"मग माझ्यासमोर का नाही सरकवलीस?"

मला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. इतकी वर्षं मी सगळ्या जगावर संशय घेतला, एक त्याला सोडून.

कलम तीन. मुलाला हिस्सा दिलाच पाहिजे, असं वकील सांगतात. तर खरी हद्द आणि आजची तार यांमधली जमीन नासारियोला. ती त्याने बारोसोकडून मागून घ्यावी.

ठिकाण: मालार्ग्वे, मेंदोसा प्रांत. १४ मे.

सही: एदुविना यान्येस

साक्षीदार: लेआंद्रो किरोगा, वेधशाळा
ओफेलिया मोरालेस, दुकानदार (दोन्ही पानं माझ्यासमोर वाचली)