कासवावरची लाल होडी

१३ मे, शनिवार

कासवावर लाल होडी! वर्षाचा मासेमारीचा पहिला दिवस. सव्वापाचला मी पोचले, तर आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. जवळ गेले तर डेरिक. माझ्या भावाला, लेलँडला, तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात चालायला शिकवतो तो टकल्या. पुढ्यात टीव्हीएवढा पडदा, त्यात पाण्याखालचे मासे बघत बसलेला. शी! मासा बघून पकडायचा तर बाजारातूनच आणावा की.

"या आर्डिसबाई, इथं शेजारी टाका नांगर. जागा आहे." मला, माझ्याच दगडांवर या म्हणतो!

कासव म्हणजे पाण्याखालचा दगडांचा उंचवटा. बाबांनी लेलँडला नि मला दाखवला, तोही ओठांवर बोट ठेवून. पलीकडच्या काठावरचा मोडका पाइन बोटघराच्या डाव्या कोपऱ्यावर आणायचा, मागे पाण्याची टाकी टेकडीला टेकवायची, मग नांगर. पंचावन्न वर्षांत तिसऱ्याला सांगितलं नाही. कुणाची होडी जवळ आली की गळ वर ओढायचे आणि सँडविच खात बसायचं. एका सकाळी मी पाच सँडविचं खाल्ली, पण जागा दाखवली नाही. माझा नवरा गेला, त्यालासुद्धा माहीत नव्हती.

म्हणजे फोडलं कुणी? मी नाही. मग राहिला एकच.

हट्टानं शेजारीच नांगर टाकला. चार वॉलाय मासे लागले. डेरिकला एक नाही. लागणार कुठून, गळाला आमिषाची जळूच लावली नव्हती! नुसतं शिसं लोंबकळत होतं. असल्या माणसाला कासव द्यायचं. किळस आली.

१४ मे

चार मासे मैद्यात घोळवून तळले, लेलँडकडे घेऊन गेले. जानेवारीत खुबा मोडला तेव्हापासून तो तिथंच. आश्रमातला पांढरा सॉस घातलेला मासा तो तोंडात धरत नाही. मी तळलेला खातो.

"कासव कुणाला सांगितलंस?" दारातूनच विचारलं.

टीव्हीकडे बघत राहिला. "तळं काय आपल्या बापाचं आहे का, आर्डी? लागले ना चार? मग झालं."

चार हा आकडा मी अजून सांगितलाच नव्हता! डबा फॉइलनं झाकलेलाच होता. म्हणजे तो टकल्या ह्याला फोन करून बातम्या देतो. सख्खा भाऊ. डबा ठेवला आणि निघून आले. मीठ द्यायचं राहिलं. राहू दे.

२० मे

दक्षिणेचा वारा, पाण्यावर बारीक लाटा. वॉलायला असंच लागतं. त्याला लख्ख ऊन सोसत नाही, पाणी हललं की मग निर्धास्त वर येतो. गुलाबी डोक्याचा गळ, त्याला जळू, तळापासून वीतभर वर. वॉलाय झटका देत नाही. दोरी नुसती जड होते, ओल्या फडक्यासारखी. थोडं सैल द्यायचं, मनात तीन म्हणायचं, मग उचलायचं. पडद्यात हे शिकवत नाहीत.

लाल होडी होतीच. मला तीन. त्याला शून्य.

"कुठल्या रंगाचा गळ?" त्यानं विचारलं.

"हिरवा," मी म्हटलं. आमच्याकडे खरा रंग कुणी सांगत नाही. तो हसला. गुलाबी माझ्या हातातच होता, पण तरी.

२७ मे

जळवा आणायला लोर्नाच्या दुकानात. डेरिकचा विषय काढला. ती म्हणे, "अगं, शनिवार-रविवार साडेचारला बरोबर येतो. कॉफी घेतो. जळवा नाही, काही नाही. मासे नेताना तर कधी पाहिला नाही मी. नऊला आश्रमात कामावर."

मासे न्यायचे नाहीत आणि जागा अडवायची! कुत्र्यानं चारा खायचा नाही आणि बैलालाही खाऊ द्यायचा नाही, तसला प्रकार.

लेलँडकडे गेले नाही. मासे शेजारच्या मांजराला घातले.

३ जून

हल्ली गळांची भोकं किती बारीक करतात! दोरी ओवायला सहा वेळा. शेवटी जळू हातावरच चिकटली. आणि ही रोजनिशी बघा, रेघा इतक्या फिक्या छापल्यात की ओळ वर चालली की खाली तेच कळत नाही. सगळीकडे स्वस्तात उरकायचं.

बोटघरवाल्यांनी तो मोडका पाइनही कापलाय वाटतं. आज शोधला, कुठे नव्हताच. शंभर वर्षांचं झाड! बाबा असते तर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले असते. त्यात बोटघरालाही धुरकट रंग दिलाय.

लाल होडी होती. तिच्याशेजारी नांगर टाकावा लागला. स्वतःच्या जागेवर परक्याच्या मागून जायचं. घास कडू झाला. पाच लागले, एक मोठा होता तो पैदाशीसाठी परत सोडला.

१० जून

लेलँडचा फोन. "येत नाहीस गं?" मी म्हटलं, डेरिकला म्हणावं मासे तळून आण. तो म्हणाला, "मीठ आणशील ना येताना?" ठेवून दिला फोन.

नंतर वाईट वाटलं. ऐंशीचा आहे तो. पण बाबांच्या ओठांवरचं बोट आठवलं की परत पित्त खवळतं.

१७ जून

आज बोललेच. होडी त्याच्या होडीला लावली आणि सगळं काढलं. कासव कुणाचं, कुणी दाखवलं, बाबा काय म्हणाले होते. पडदा बघून मासेमारी करणाऱ्यानं इथं बसणं म्हणजे देवळात चपला घालून बसणं, हेही सांगितलं. म्हटलं, आज इथून जायचं आणि परत यायचं नाही.

ऐकून घेतलं त्यानं. रागावला नाही. "नक्की ना, आर्डिसबाई?"

"नक्की."

"एकदा लेलँडना विचारता का?"

"त्याचं नावच काढू नकोस."

"उद्या वारा आहे," म्हणाला. मग परत एकदा, "नक्की?"

दोनदा विचारायला काय मी लहान आहे? गेला. लाल ठिपका धक्क्यापर्यंत जाताना बघत राहिले. मग एकटी कासवावर बसले आणि एक सँडविच खाल्लं, कुणापासून काही लपवायचं नसताना. उद्या लेलँडसाठी मासे नेईन. जिंकलेल्या माणसानं जरा मोठं मन करावं.

१८ जून, रविवार

लाल होडी नाही.

पाच ते नऊ फिरले. शिसं टाकून खोली मोजत राहिले. वीस फूट, बावीस, वीस, चोवीस. कासव नऊ फुटांवर लागतं. लागलंच नाही. त्या पाइनतोड्यांचं वाटोळं होवो.

१९ जून

रिकाम्या हातानं लेलँडकडे गेले. मीठ तेवढं नेलं. म्हटलं, त्या लोकांनी पाइन कापला रे, कासव सापडेना.

तो खिडकीबाहेर बघत होता. "पाइन आहे तिथंच, आर्डी. मला इथून दिसतो."

मी खिडकीशी गेले. पाणी. त्यापलीकडे धुरकट काहीतरी.

"गेल्या सप्टेंबरात तीनदा नांगर चुकवलास. मी वल्ह्यानं होडी सरकवत होतो, तुला कळू न देता. यंदा कोण सरकवणार?" मग हळूच म्हणाला, "लाल रंग तेवढा दिसतो ना गं तुला?"

डेरिकचा नंबर मागून घेतला. लेलँडनं मोठ्या अक्षरांत लिहून दिला.