दारावरचं माझं नाव

जाफराबाद

ती. आईला,

दैवशालाचा पाया पडून नमस्कार. पत्र बघून घाबरू नको, इथं सगळे खुशाल हायेत. फोनवर बोलले की घरातले ऐकतात, म्हणून लिहून राह्यले. तुझे गुडघे कसे हायेत? गोळ्या घेती ना?

परभणीच्या दवाखान्यातून माझी नर्सची ऑर्डर आली, हे तुला सांगितलंच व्हतं. आठ तारखेला हजर व्हायचंय. मी जाते, असं मामंजींना सांगितलं.

रविवारी त्यांनी मिस्त्री बोलावला. 'बद्रीनाथ निवास' ही स्वतःच्या नावाची पाटी काढली आन काळ्या दगडाची नवी बसवली, 'दैवशाला निवास'. गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, "घर आता तुझ्या नावाचं हाय बेटा. मंग तू घरातच पाहिजे का न्हाई?"

"बिलकुल बराबर," लोक म्हणले. हे पण हसले. मी पाया पडले. दुसरं काय करणार?

मंग स्वयंपाकघरात सासूबाई हळूच म्हणल्या, "चाळीस वर्षांत माझं नाव कुणी भांड्यावर पण घातलं न्हाई. तुझं दारावर लागलं. आता कशी जाशील?" त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना माझी कीव आल्ती.

पाच तारखेला जेवण ठेवलंय, मामंजी तुला फोन करतील. पाटीचं कौतुक करू नको. फक्त ये, आन सगळ्यांसमोर मला एकदा 'जा' म्हण. माझ्या तोंडून आता 'जाते' निघंना.

तुझी वाट बघणारी,
दैवशाला