ताईचा अंगठा

३ फेब्रुवारी
अखेर ताईच्या घरी पोहोचलो. एकावन्न दिवसांनी आज स्वतःच्या हाताने खिडकी उघडली. ताईने मागची खोली पुसून लख्ख केली आहे; उशाशी पाणी, दाराजवळ नव्या चपला. मला बघताच म्हणाली, दवाखान्यात काय भाड्याने राहत होतास की काय रे. भाऊजी इतके हसले की माझी पिशवी त्यांच्या हातून पडली. मीही हसलो, पोटावरचा व्रण ताणला जाईपर्यंत. ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरला आणि महिनाभर एकही औषध त्याला लागू पडेना. शेवटी उरलेल्या एकाच औषधाने वाचलो.

५ फेब्रुवारी
आठ पायऱ्या चढलो आणि तासभर झोपलो. थकवा हाडांत मुरलाय. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलंय की जंतू अंगावर राहिलेला असू शकतो. घरच्यांना कल्पना द्यावी, हात धुवावेत, उघडी जखम जपावी. ताईला सांगायला हवं. आज ती माझ्या कपाळावर हात ठेवून बसली होती. इतक्या दिवसांत मला हातमोज्यांशिवाय कोणी शिवलं नव्हतं. उद्या सांगतो. तिला घोर नको म्हणून टाळतोय, की तिने हात काढून घेऊ नये म्हणून? दुसरं कारणच खरं असावं.

८ फेब्रुवारी
माझे हात थरथरतात, म्हणून ताईने माझ्या पायाची नखं कापायला घेतली. ब्लेडने. नेलकटरला ती खेळणं म्हणते. माझा पाय दचकला आणि पातं तिच्याच अंगठ्यात गेलं. म्हणाली, घोड्या, चाळिशी उलटली तरी गुदगुल्या जात नाहीत तुझ्या. रक्त थांबेना म्हणून मीच घाईने पट्टी बांधली. हात धुतले होते का? आठवत नाही. नाही, आठवतं. धुतले नव्हते.

११ फेब्रुवारी
अंगठा लाल, टम्म सुजलेला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी सोबत होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही. न विचारताही सांगायला तोंड होतं की मला.

१३ फेब्रुवारी
गोळ्यांचा उपयोग नाही. लाल रेघ मनगटापर्यंत. ताई म्हणते, तुझे लाड बघून माझ्या अंगठ्यालाही लाड हवेत. हसता आलं नाही. कागद काढला, तिच्यासमोर धरणार — परत घडी घातली.

१४ फेब्रुवारी
ताप. रेघ कोपराशी. सांगितलं, आधी भाऊजींना. ते गाडीची किल्ली शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, म्हणाले, सहा दिवसांपूर्वी कळलं असतं तर — आणि कागदाची घडी घातली. तुम्हाला ज्या औषधाने वाचवलं तेच लावतो, म्हणाले. त्यापुढे आमच्याकडेही काही नाही. तपासणीचा निकाल परवा.

१६ फेब्रुवारी
ताप उतरत नाही. भाऊजी खाली गेलेत. नर्सने निकाल माझ्याच हातात दिला. औषधांची लांब यादी. पहिल्यापुढे निरुपयोगी. दुसऱ्यापुढेही — बोट खाली सरकतंय —

ताई बघतेय. विचारलं, त्या शेवटच्या औषधानेच उठलास ना रे तू? हो म्हटलं. मग मीही उठेन, म्हणाली आणि डोळे मिटले.

शेवटची ओळ. तेच नाव. त्यापुढेही — माझ्याच अंगात राहून जंतू याही औषधाला पुरून उरायला शिकून —