वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही

अप्पा, माझं पुस्तक छापायला निघालंय. तुम्ही असता तर पहिलं विचारलं असतं, किती पानांचं? शंभराच्या आतलंच आहे. एक पान, दीड पान, फार तर दोन, असे तुकडे. त्यांत गोष्ट म्हणावी अशी नसते, कुणाचं नाव नसतं, सगळीकडे नुसतं 'मी'. हा 'मी' कधी म्हातारा, कधी नुकती सासरी आलेली पोर, कधी मेंढरं विकून शेतीला लागलेला माणूस. पुण्याच्या संपादकबाई म्हणतात, असं लिहिणं आपल्याकडे फारसं झालेलं नाही. मला हसू आलं. आळंदच्या कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली टेबल टाकून तुम्ही तीस वर्षं दुसरं काय करत होतात? 'मी, खाली अंगठा करणार' म्हणून सुरू करायचं आणि चार वाजेपर्यंत दहा-बारा माणसं होऊन घरी यायचं. कचेरीसाठी कानडीत, सोयऱ्यांसाठी मराठीत, हैदराबादकडे कुणी असेल तर उर्दूत. स्वतःचं म्हणून तुम्ही कधी एक ओळ लिहिलेली मी पाहिली नाही.

तुम्ही गेल्यावर तुमचे कच्चे मसुदे माझ्याकडे आले, पिशवीभर. त्यांतूनच माझं लिहिणं निघालं, हे मी लपवत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी संपादकबाईंनी फोन केला, की पुस्तकाच्या सुरुवातीला दोन ओळी द्या, हा 'मी' कोण ते सांगा. लोक विचारणार, बाई स्वतःबद्दल लिहितात की दुसऱ्याबद्दल. मी म्हटलं, देते. फोन ठेवला आणि तुमचा आवाज कानात आला, 'वाचून दाखवलीस का?'

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली, आठ दिवस टेबलावर मी बसते. खजुरीचा एक शेतकरी येतो. त्याच्या शेताची वाट शेजाऱ्यानं चर खणून बंद केलीय. मी असा अर्ज लिहिते, की माझं मलाच कौतुक वाटतं. तो अंगठा देतो, निघून जातो. संध्याकाळी आई भाकरी थापतेय, तुम्ही डोळ्याला हिरवी पट्टी लावून भिंतीला टेकून बसलात, आणि मी ऐटीत सांगते, आज एक अर्ज झकास झाला. तुम्ही विचारता, "वाचून दाखवलीस का त्याला?" मी म्हणते, नाही, त्याला गाडीची घाई होती. आईचा हात थांबतो. तुम्ही म्हणता, "न वाचता अंगठा घेतलीस? कामून?" मी म्हणते, चांगलंच लिहिलंय की. "तुझं चांगलं तुझ्यापाशी ठिव. अंगठा त्याचा हाय. उद्या पहिल्या मोटारीनं खजुरीला जा, वाच, मग घरात ये." गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समदं बरूबर हाय ताई, पर ह्यात माझा बैल कुठाय?" त्या चरात त्याच्या बैलाचा पाय मोडला होता. अर्जात शोभणार नाही म्हणून मी बैल गाळला होता. परत आले तर तुम्ही तुमचं दुसरं पेन माझ्यापुढं ठेवलंत.

म्हणून गेल्या आठवड्यात छापील पानं घेऊन पुन्हा खजुरीला गेले. पुस्तकातला पहिलाच तुकडा तिथल्या एका बाईचा आहे. नवरा वारल्यावर सोलापूरच्या भावानं तिला कायमचं बोलावलं होतं, आणि 'मी येणार नाही' हे पत्र तिनं तुमच्याकडून लिहून घेतलं होतं. मावशी आता ऐंशीच्या पुढं गेल्यात. ओसरीवर तूर निवडत होत्या. कुणाची पोर ते सांगितलं तसं सूप बाजूला ठेवलं. मी वाचायला लागले. 'इथल्या चुलीला माझ्या हाताची सवय झाली आहे, माझ्या हाताला तिची अजून नाही, तरी मी येणार नाही.' हे वाक्य मसुद्यातलं, जसंच्या तसं. मी थांबून विचारलं, मावशी, हे तुम्ही म्हणाला होतात ना?

"मी कशाला म्हणते? मी म्हणले, येत न्हाई म्हून लिवा. तेवढंच. बाकीचं तुझ्या अप्पानं लिवलं."

"मग हे अप्पांचं झालं?"

"त्यांचं कसं? त्यांनी वाचलं, मी ऐकले. ऐकले तवा कळलं, मला आसंच वाटायलंय. मग अंगठा दिले. माझंच हाय ते." आणि हात हलवून म्हणाल्या, "वाच की पुढं, कामून थांबलीस?"

पुढं शेवट होता. पत्र पाठवून बाई घरी येते, दाराची कडी हातात धरून उंबऱ्यावर बसते आणि खूप रडते. मसुद्यात हे नाही, मी घातलंय. संपादकबाईंना सगळ्यांत आवडलेलं हेच. मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे काढ. मी रडले न्हाई. त्या दिशी तुरीच्या राशीला गेले व्हते मी. बाकीचं ऱ्हाऊ दे, माझं नाव न्हाई घातलीस तरी चालतंय. पर रडल्यालं काढ."

मी तिथंच पेननं ती ओळ खोडली. मावशींनी खोडलेली जागा बोटानं दाखवायला लावली, मगच सूप पुन्हा पुढं ओढलं. संपादकबाईंना हे सगळं कळवलं तर त्या नाराज झाल्या. म्हणाल्या, अहो, सगळ्या तुकड्यात तुमचं असं तेवढं एकच वाक्य होतं. मी म्हटलं, असू दे, गेलं. दोन ओळीही दिल्या. माणसं बोलली, माझ्या वडिलांनी लिहिलं, मी पुन्हा लिहिलं. वर नाव माझं आहे, तेव्हा चुकलं असेल तर मला धरावं. बाकीच्या तुकड्यांची माणसं जिथं जिथं आहेत तिथंही जाऊन येणार आहे, औरादेत दोघं आहेत. तोवर छापायचं थांबवलंय. थांबतील. न थांबून जातात कुठं?

पण संपादकबाई म्हणाल्या ते खरं आहे, ते वाक्य माझंच. हे पत्र पेटीत टाकायचं नाही म्हणून सांगते. लग्नानंतर उदगीरहून मी तुम्हाला पहिलं पत्र पाठवलं, 'मी इथं मजेत आहे, माझी काळजी करू नये.' ते टाकून घरी आले आणि कडी धरून उंबऱ्यावर बसले ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही. तुम्ही ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलंत म्हणे. अप्पा, मी खोटं लिहिलं होतं.